काल बाळाने काय खाल्ले?

"काल बाळाने काय खाल्ले?" असा प्रश्न कुणी विचारला तर आपणांस हसू येईल. एवढे सोपे उत्तर कोणती आई देणार नाही? पण या एका प्रश्नाचे खरे उत्तर मिळवण्यासाठी मोठमोठे डॉक्टर आणि संख्याशास्त्रज्ञ शंभर वर्षे झटत आले आहेत. कधी त्यांनी प्रश्न चुकीचा विचारला, कधी चुकीच्या माणसाला विचारला. आणि प्रश्न चुकला की त्याची किंमत दीड-दोन वर्षांच्या मुलांनी मोजली. या प्रश्नाचा इतिहास आज आपल्यापुढे मांडायचा आहे. विशेषतः शिक्षकमंडळींनी आणि अंगणवाडीच्या ताईंनी तो ऐकावा, कारण गावात वही-पेन्सिल घेऊन हा प्रश्न विचारण्याची पाळी त्यांच्यावरच येते.

सुरुवात आपल्या मुलखातूनच करू. सावंतवाडी तालुक्याच्या दक्षिण टोकाला, तेरेखोल नदीच्या काठी आरोंदा गाव आहे. माडांची बने, भाताची शेते, खाडीचे पाणी आणि पलीकडच्या तीरावर गोव्याचा पेडणे तालुका. समजा, तिथल्या एखाद्या घरी अंगणवाडीची ताई गेली. आई कामावर गेलेली, घरात आजी आणि दीड वर्षाचे पोर.

"आजी, काल बाळान काय काय खाल्ल्यान?"

"पोर काय खातला, बाये? सकाळी पेज, दुपारी भात, रातीक परत भात."

ताईने लिहिले : तांदूळ, तांदूळ, तांदूळ. झाली प्रश्नावली! पण ताई घाईत नव्हती. ती ओटीवर टेकली, पाणी प्याली, इकडचे तिकडचे बोलली. मग हळूहळू कळले, की शेजारणीने सकाळी घावनाचा तुकडा हातात दिला होता. शाळेतून आलेल्या थोरल्या बहिणीने आपल्यातले अर्धे केळे भरवले होते. दुपारच्या भातावर आमटी होती की नुसते मीठ, ते आजीला आठवेना; कारण भात भरवला तो त्या बहिणीनेच. आणि रात्रभर पोर आईच्या अंगावर पीत होते, ते तर "खाणे" म्हणून कुणी मोजलेच नव्हते. ताईने एकेक आठवण करून दिली तेव्हा आजी म्हणाली, "असा होय! ता मी इसारलंय."

आजी खोटे बोलली का? मुळीच नाही. तिला विचारले तेवढे तिने सांगितले. आता हा प्रसंग मनात ठेवा आणि माझ्याबरोबर थोडे मागे चला.

आपल्या देशात सरकारने माणसाच्या पोटाचे माप घ्यायला सुरुवात केली ती दुष्काळात आणि तुरुंगात. हेतू असा, की कमीत कमी किती दिले म्हणजे माणूस मरणार नाही आणि काम करील. 1876 ते 1878 च्या मोठ्या दुष्काळात सर रिचर्ड टेंपल यांनी दुष्काळी कामावरच्या मजुराची मजुरी अशी उतरवली, की गड्याला दिवसाला एक पौंड धान्य, म्हणजे साडेचारशे ग्रॅमच्या आसपास, आणि वर एक आणा पडावा. मद्रासेकडचे आरोग्याधिकारी डॉ. कॉर्निश यांनी त्याला कडाडून विरोध केला. इकडे मुंबई इलाख्यात पुण्याच्या सार्वजनिक सभेने गावोगावची खरी हकीकत गोळा करून सरकारकडे धाडली. या साऱ्या वादात पौंड होता, आणा होता, काम करणारा गडी होता. त्याच्या पाठीमागे धुळीत बसलेले दोन वर्षांचे मूल मोजमापात जेमतेमच होते.

पुढे 1917 साली पुण्याच्या शेतकी कॉलेजचे प्रिन्सिपल डॉ. हॅरल्ड मॅन यांनी पुण्याजवळच्या पिंपळे सौदागर या गावाची घरोघर पाहणी करून पुस्तक लिहिले. 1921 साली श्री. ना. वि. कानिटकर यांच्यासह त्यांनी जातेगाव बुद्रुकचा अभ्यास प्रसिद्ध केला. कुणाची जमीन किती, कर्ज किती, उत्पन्नात घर भागते की नाही, हे त्यांनी पैन् पै मांडले. महाराष्ट्रातल्या खेड्याचे पोट किती भरते याचा इतका बारीक हिशेब पूर्वी फारसा कुणी केला नव्हता. पण तिथेही हिशेबाचे माप होते "घर". घरातल्या घरात कुणाच्या ताटात किती पडते, तिथे हा हिशेब उंबऱ्याबाहेर थांबला.

आहाराचे शास्त्र म्हणून जे आपल्याकडे उभे राहिले, त्याचे माहेर निलगिरीतले कुन्नूर. तिथे डॉ. रॉबर्ट मॅक्‌कॅरिसन यांनी 1918 पासून बेरीबेरी आणि तत्सम रोगांवर काम सुरू केले. त्यांचा उंदरांवरचा प्रयोग प्रसिद्ध आहे. निरनिराळ्या प्रांतांतले लोक जे खातात ते त्यांनी उंदरांच्या निरनिराळ्या कळपांना घातले. शिखांचे अन्न खाणारे उंदीर धष्टपुष्ट झाले. मद्रासी आणि बंगाली गरिबांचे भाताचे अन्न खाणारे खुजे राहिले. त्यांच्यामागून 1935 साली डॉ. वॉलेस अ‍ॅक्रॉइड आले. त्यांच्या वेळी 1937 साली भारतीय खाद्यपदार्थांत काय काय सत्त्व आहे याचे तक्ते छापून निघाले. तांदळात किती उष्मांक, नाचणीत किती चुना, कुळथात किती प्रथिने, हे त्यात आकड्यांनी दिलेले होते. अ‍ॅक्रॉइड यांच्यानंतर 1946 साली या संस्थेची धुरा आपल्या डॉ. वि. ना. पटवर्धनांकडे आली. 1958 च्या सुमारास संस्था हैदराबादेस गेली आणि 1969 साली तिला राष्ट्रीय पोषण संस्था हे नाव मिळाले.

या संस्थेची माणसे तराजू घेऊन खेड्यात जात. चुलीवर चढण्यापूर्वी धान्य, डाळ, भाजी तोलायची, असे ओळीने काही दिवस. पद्धत मोठी काटेकोर. पण तोलले काय? तर सबंध घराचे भांडे. मग एका घरात माणसे जास्त, दुसऱ्यात कमी. तुलना कशी करायची? त्यासाठी एक युक्ती काढली. बैठे काम करणारा पुरुष म्हणजे 1 एकक धरायचा. कष्टाचे काम करणारा पुरुष 1.6, मध्यम काम करणारी बाई 0.9, घरात बसणारी म्हातारी 0.8, आणि एक ते तीन वर्षांचे मूल 0.4.

एक हिशेब करून पाहू. आकडे उदाहरणाकरिता धरले आहेत. घरात कष्टकरी बाप, कामकरी आई, आजी आणि दीड वर्षाचे पोर. चौघांची बेरीज 3.7 एकके. घरात दिवसाला 1,480 ग्रॅम तांदूळ शिजला. भागाकार केला तर एककाला 400 ग्रॅम. म्हणजे पोराच्या वाट्याला 160 ग्रॅम. कागदावर पोर तृप्त! पण दीड वर्षाच्या मुलाने खरोखर 160 ग्रॅम तांदळाचा भात खाल्ला का? त्याला भूक लागली तेव्हा भरवणारे कुणी होते का? हे त्या भागाकाराला ठाऊक नाही. 0.4 हा आकडा मुलाची गरज सांगतो. त्याच्या पोटात काय गेले ते तो सांगत नाही. पण कागदावर आकडा एकदा उतरला, की लोक त्याला मुलाचे जेवणच समजून चालतात.

तेव्हा दुसरा मार्ग निघाला : तोलू नका, विचारा. अमेरिकेत डोरोथी वील यांनी 1942 च्या सुमारास मागच्या चोवीस तासांत काय काय खाल्ले ते आठवून सांगण्याची रीत वापरली. 1947 साली हार्वर्डच्या बर्था बर्क यांनी सवयीच्या आहाराचा लांबलचक इतिहास विचारण्याची पद्धत मांडली. विचारण्यात तराजू नको, दिवसेंदिवस घरात ठाण मांडणे नको. शिवाय एक फायदा फार मोठा. घरात पाहुणा तराजू घेऊन बसला म्हणजे घरची बाई त्या दिवशी चार पदार्थ जास्तच करते. आपणही तेच करू! कालच्या गोष्टीत मात्र आज बदल करता येत नाही.

पण मग सारा भार आठवणीवर पडला, आणि आठवण मोठी लबाड. याचा सुंदर दाखला आपल्याच देशातला आहे. 1950 साली प्रा. महालनोबिस यांच्या मार्गदर्शनाखाली राष्ट्रीय नमुना पाहणी सुरू झाली. घरात धान्य किती लागले हे विचारताना मागच्या आठवड्याचे विचारावे की मागच्या महिन्याचे? आपण म्हणू, आठवड्याचे; ते ताजे असते. त्यांनी काही घरांत आठवड्याचे विचारले, काही घरांत महिन्याचे, आणि काही घरांत प्रत्यक्ष तोलून पाहिले. धान्याच्या बाबतीत आठवड्याचे उत्तर फुगलेले निघाले; महिन्याचे उत्तर तराजूच्या जवळ आले. कारण असे, की आठवडा विचारला म्हणजे नऊ-दहा दिवसांपूर्वीचा बाजारही माणूस नकळत त्यात ओढून घेतो.

लहान मुलाच्या बाबतीत तर ना बाजाराची खूण, ना महिन्याचा हिशेब. ते दिवसात आठ-दहा वेळा घास-दोन घास खाते, तेही चार हातांनी. म्हणून त्याच्यासाठी चोवीस तासांची मुदतच बरी ठरली. उत्तर द्यायचे ते भरवणाऱ्या माणसाने.

येथवर ऐकून आपण म्हणाल, अहो, एवढी बारकाई कशाला? चार घास इकडे, चार घास तिकडे! श्रोतेहो, ती बारकाई न केल्याने काय झाले ते आता सांगतो.

1933 साली आफ्रिकेतल्या गोल्ड कोस्टमध्ये, म्हणजे आजच्या घाना देशात, डॉ. सिसिली विल्यम्स यांनी मुलांच्या एका रोगाचे वर्णन केले. अंगावर सूज, कातडी सोललेली, केस विटलेले, मूल मलूल. तिथले लोक त्याला क्वाशिओरकोर म्हणत. पाठीवर भावंड आले म्हणजे आधीच्या मुलाला जडणारा रोग, असा त्या शब्दाचा आशय. लोकांना कारण नेमके ठाऊक होते : आईच्या अंगावरून उतरलेले मूल. पण पुढे जगभरच्या तज्ज्ञांनी निदान केले ते असे, की मुलांना प्रथिने कमी पडतात. 1955 साली संयुक्त राष्ट्रांच्या आश्रयाने प्रथिनांसाठी खास सल्लागार मंडळ नेमले गेले. 1968 साली संयुक्त राष्ट्रांचा अहवाल निघाला, त्याचा सूर असा की जगावर प्रथिनांचे संकट कोसळू पाहत आहे. माशांचे पीठ, शेंगदाण्याच्या पेंडीचे पीठ, नाना तऱ्हेची प्रथिनयुक्त चूर्णे यांवर पैसा आणि बुद्धी खर्च होऊ लागली.

इकडे हैदराबादेत डॉ. सी. गोपालन यांनी साधी गोष्ट केली. घराचे भांडे बाजूला ठेवून त्यांनी लहान मुलांचेच खाणे पाहिले. काही मुले सुजत, काही सुकून अस्थिपंजर होत. सुजणाऱ्यांना प्रथिने कमी आणि सुकणाऱ्यांना अन्नच कमी, असे पुस्तकात होते. गोपालनांना दोघांच्या खाण्यात तसा फरक आढळला नाही. तेच भाताचे, ज्वारीचे अन्न. आणि तेही अपुरे. मग त्यांनी व त्यांच्या सहकाऱ्यांनी खेड्यातल्या मुलांना चौदा महिने रोज थोडा जादा खाऊ दिला. गव्हाचे पीठ, साखर आणि तेल. त्यात उष्मांक 310, आणि प्रथिने अवघी 3 ग्रॅम. 1973 साली निष्कर्ष प्रसिद्ध झाला : प्रथिनांची फारशी भर न घालताही मुलांची उंची आणि वजन चांगले वाढले. मुलांना मुळात पोटभर अन्नच मिळत नव्हते. पोट भरत नाही तेव्हा शरीर प्रथिनेही चुलीतल्या लाकडासारखी जाळून टाकते.

हीच गोष्ट आकड्यांच्या वाटेने सांगणारा माणूस मराठी होता. सातारा जिल्ह्यातल्या बुध गावी 1911 साली जन्मलेले डॉ. पांडुरंग वासुदेव सुखात्मे पुण्याच्या फर्ग्युसन कॉलेजात शिकले, लंडनला जाऊन संख्याशास्त्री झाले आणि रोमला संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व शेती संघटनेत संख्याशास्त्र विभागाचे प्रमुख झाले. 1970 साली त्यांनी भारतातल्या आहार-पाहण्यांचे आकडे नव्याने तपासून दाखवले, की ज्या आहारात उष्मांक पुरेसे आहेत त्यात प्रथिने सहसा कमी पडत नाहीत. 1974 साली डॉ. डोनाल्ड मॅक्‌लारेन यांनी इंग्लंडच्या वैद्यकीय साप्ताहिकात या प्रथिनांच्या प्रकरणाला उघड उघड फजिती म्हटले. वीस वर्षे गेली, श्रोतेहो. त्या वीस वर्षांत ज्या पोरांना आणखी वाटीभर घट्ट भात आणि चमचाभर तेल हवे होते, त्यांच्यासाठी जगातले शहाणे चूर्ण शोधत होते.

सुखात्म्यांनी आणखी एक गोष्ट शिकवली. तिच्यावर पुढे पुण्यातच प्रा. वि. म. दांडेकरांशी त्यांचा मोठा वाद झाला, आणि डॉ. गोपालनांनाही त्यांचे सारे म्हणणे पटले नाही. ते म्हणत, एकाच निरोगी माणसाचे खाणे दिवसागणिक, आठवड्यागणिक कमीजास्त होते. तेव्हा सरासरी गरजेखाली दिसला तो प्रत्येक जण उपाशी, असे म्हणू नका. त्यावरून किती गरीब आणि किती उपाशी, हा वाद लांबला. त्यात आज शिरत नाही. पण प्रश्न विचारणाऱ्याने एवढे ध्यानात ठेवावे : एका दिवसाच्या उत्तरावरून गावातल्या शंभर मुलांविषयी काही सांगता येते, एका मुलाविषयी निकाल देता येत नाही. काल त्याला ताप असेल, काल घरी पाहुणे असतील.

1972 साली देशात राष्ट्रीय पोषण नियंत्रण मंडळाचे काम सुरू झाले. दहा राज्यांत ते चाले, महाराष्ट्र त्यांत होता. गोवा नव्हता. म्हणजे तेरेखोलच्या अलीकडच्या काठावरचे मूल त्या पाहणीच्या मुलखात, आणि पलीकडच्या काठावर तीच पेज पिणारे मूल तिच्याबाहेर. 2015 साली ते मंडळ बंद झाले. पण त्याने एक कामाची गोष्ट रूढ केली : मापाच्या वाट्यांचा संच. कार्यकर्ता लहानमोठ्या वाट्या घेऊन घरी जाई आणि विचारी, शिजलेला भात एकूण किती झाला? बाळाने यातल्या कोणत्या वाटीएवढा खाल्ला?

त्यावरून त्रैराशिक मांडायचे. सातवीच्या मुलालाही जमेल असे आहे. घरात 600 ग्रॅम तांदूळ शिजला, भात झाला 1,800 मिलिलिटर मापाचा, आणि बाळाने खाल्ला 150 मिलिलिटर, म्हणजे एक वाटी. तर बाळाच्या पोटात गेला 50 ग्रॅम तांदूळ, आणि त्याचे उष्मांक साधारण 175. आता भाताऐवजी पेज घ्या. 50 ग्रॅम तांदूळ पाण्यात शिजवून 750 मिलिलिटर पातळ पेज केली. बाळाने तीच वाटी भरून प्याली. पोटात तांदूळ गेला 10 ग्रॅम, उष्मांक 35. वाटी तीच, तांदूळ तोच, आजीचे उत्तरही तेच : "वाटीभर खाल्ल्यान." आणि फरक पाचपटीचा!

एक ते तीन वर्षांच्या मुलाला दिवसाला सुमारे 1,010 उष्मांक लागतात, असे 2020 साली ठरवलेले प्रमाण आहे. हे प्रमाणही बदलत आले आहे. 1989 साली ते 1,240 होते आणि 2010 साली 1,060. पण 1,010 च धरले, तरी नुसत्या पातळ पेजेने ते गाठायला अठ्ठावीस-एकोणतीस वाट्या लागतील. एवढीशी पोटाची पिशवी, तिच्यात ते मावणार कसे? पेज वाईट नव्हे, बरे का! आपल्या कोकणाने तिच्यावर पिढ्या वाढवल्या. पण बाळाची पेज घट्ट हवी, आणि तिच्यात चमचाभर खोबरेल घातले तर त्या एका चमच्यातच 45 उष्मांक आहेत, अख्ख्या पातळ वाटीपेक्षा जास्त. तेव्हा विचारणाऱ्याने "पेज दिली का?" एवढेच न विचारता "ओतली तर धार धरते की चमच्यात राहते?" हेही विचारावे.

आता प्रश्नावलीचा तिसरा प्रकार. काल काय खाल्ले ते न विचारता, अमुक पदार्थ महिन्यातून किती वेळा, आठवड्यातून किती वेळा, असे यादीवरून विचारायचे. याचाही उत्तम दाखला महाराष्ट्रातलाच. 1993 साली पुण्याच्या के. ई. एम. रुग्णालयाचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पुण्याजवळच्या सहा खेड्यांत गर्भार बायांची पाहणी सुरू केली. आहाराचे काम आघारकर संशोधन संस्थेच्या डॉ. शोभा राव यांनी पाहिले. त्यांनी चोवीस तासांचे स्मरणही विचारले आणि किती वेळा खाता ही यादीही विचारली. 2001 साली प्रसिद्ध झालेला निष्कर्ष विचार करायला लावणारा होता. आईच्या एकूण उष्मांकांचा वा प्रथिनांचा बाळाच्या जन्मवेळच्या अंगलटीशी फारसा मेळ दिसेना. पण ज्या बाया हिरव्या पालेभाज्या, फळे आणि दूध वारंवार घेत, त्यांची बाळे अधिक भरदार होती. नुसत्या मेळावरून कारण सिद्ध होत नाही, हे खरे. तरी पालेभाजी आठवड्यातून किती वेळा, हा प्रश्न यादीत नसता तर हे दिसलेच नसते. ती मुले मोठी झाली तरी त्यांचा अभ्यास चालू राहिला.

म्हणून यादी कुणी केली याला महत्त्व आहे. शहरात बसून केलेली यादी आरोंद्याला चालणार नाही. तिच्यात पालक, मेथी असेल. पण पावसाळ्यातला टाकळा, कुरडू, शेवग्याचा पाला असेल का? "मासे" असा एकच शब्द असेल. पण खाडीतल्या तिसऱ्या, सुंगटे, ताजा बांगडा आणि पावसातला सुका बांगडा यांचे रकाने असतील का? जून-जुलैत मासेमारी बंद असते. त्या दिवसांत विचारले तर एक उत्तर, दिवाळीनंतर विचारले तर दुसरे, मे महिन्यात आंबा-फणसाच्या दिवसांत तिसरे. "तांदूळ" म्हटले तरी उकडा की सुरय? उकड्या तांदळात बेरीबेरी टाळणारे जीवनसत्त्व जास्त टिकते, हे कुन्नूरलाच दाखवून दिले गेले होते. धान उकडताना ते कोंड्यातून दाण्याच्या आत जाते. म्हणजे आपल्या आजीच्या उकड्या पेजेमागे शास्त्र आहे. फक्त यादी करणाऱ्याला ते माहीत हवे.

आणखी एक खोच सांगतो. "बाळाला मासे दिले?" "होय, दिले." खरोखर काय दिले? भातावर कढीची, म्हणजे माशाच्या आमटीची, एक पळी घातली. काटा लागेल म्हणून तुकडा दिलाच नाही. कागदावर मासे चढले, पोटात मात्र आमटीचे पाणी गेले.

आजकाल देशभरच्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत सहा ते तेवीस महिन्यांच्या मुलांविषयी आईला विचारतात : काल दिवसा वा रात्री यांपैकी काय काय दिले? धान्य, डाळी, दूधदुभते, मांस-मासे, अंडी, पिवळी-केशरी फळे व पालेभाज्या, इतर फळे-भाज्या. किती दिले हे विचारत नाहीत; दिले की नाही एवढेच, आणि किती वेळा. 2019 ते 2021 च्या पाहणीत देशातल्या या वयाच्या मुलांपैकी अवघ्या 11.3 टक्के मुलांना पुरेसा आहार मिळत असल्याचे निघाले. दहातले एक मूल म्हणा ना! हा आकडा अंगावर काटा आणणारा आहे. पण आता तो कसा वाचायचा हे आपणांस कळते. तो गटांचा आकडा आहे, वाट्यांचा नव्हे. पेज, भात आणि घावन या प्रश्नावलीत मिळून एकच गट. आजीच्या पहिल्या उत्तराप्रमाणे ते पोर एका गटाचे ठरले असते. ताई ओटीवर टेकली म्हणून केळे निघाले. बहिणीला विचारले असते तर कदाचित डाळही निघाली असती. आणि निघाली नसती, तर उद्या काय द्यायचे हे तरी कळले असते.

शिक्षकबंधूंनो, भगिनींनो, "अंगणवाडी" ही कल्पना आपल्याकडे ताराबाई मोडकांनी आणि अनुताई वाघांनी 1945 पासून बोर्डीच्या परिसरात रुजवली. शाळेत मूल येत नसेल तर शाळेने मुलाच्या अंगणात जावे. 2 ऑक्टोबर 1975 रोजी एकात्मिक बालविकास योजना सुरू झाली आणि तो शब्द देशभर गेला. आहाराचा प्रश्नही तसाच अंगणात जाऊन विचारायचा आहे. परीक्षा घेतल्यासारखा विचारला तर आई बरोबर उत्तर देईल, खरे उत्तर देणार नाही. अंडे परवडत नाही असे तोंडाने सांगणे कोणत्या आईला आवडेल?

तेव्हा घरी गेलात म्हणजे चार गोष्टी पाहा. भरवले कुणी, त्याला विचारा. आई नसेल तर आजीला, आणि आजीबरोबर थोरल्या बहिणीलाही. कोणत्या भांड्यातून भरवले ते भांडे समोर मागवा. अन्न घट्ट होते की पातळ ते विचारा. आणि ताटात किती राहिले, ते कुत्र्या-कोंबड्यांनी खाल्ले का, हेही विचारा. कारण वाढलेले सगळे पोटात जातेच असे नाही. शेवटी वही मिटण्यापूर्वी एकदा म्हणा, "आजी, आणि काय? जाता-येता कुणी हातावर काय ठेवले?" आरोंद्याच्या त्या घरातले केळे आणि घावन याच प्रश्नातून निघाले होते.

आणि एक विनंती. उत्तर मिळाल्यावर वही काखेत मारून लगेच उठू नका. बाळाचे वजन घ्या, मागच्या महिन्याशी ताडून पाहा. पेज पातळ असेल तर चुलीपाशी बसून, आजीच्याच हाताने, उद्याची पेज घट्ट कशी करायची आणि तिच्यात खोबरेलाचा चमचा कधी घालायचा ते ठरवा. मग आठ दिवसांनी पुन्हा त्या घरी जा आणि तोच प्रश्न विचारा.